वाघावर पूल

बाजारहत्नूरहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा माझ्याजवळ दोनच वस्तू होत्या. फडक्यात ज्वारीची भाकर आणि हातात घुंगरू बांधलेली काठी. आमच्या शिवारात वाघ आल्यापासून ही काठी मी सोडत नाही. घुंगरू वाजले की जनावर आधीच बाजूला होते, आणि आपल्यालाही जरा धीर येतो.

आदिलाबादेत टीव्हीवाले आमदारकीच्या तीन उमेदवारांची थेट मुलाखत घेणार होते. शेवटी लोकांनीही सवाल विचारायचे. माझा सवाल एकच होता. वाघाने धुऱ्यावर (बांधावर) माझा गोऱ्हा मारला, तेव्हापासून वेचणीला बाया येत नाहीत. कापूस बोंडातून लोंबतो आहे आणि माझी सून सुनंदा एकटीच वावरात जाते. वेचणी होईपर्यंत जंगलखात्याची दोन माणसे तिथे उभी राहावीत, एवढेच मला पाहिजे होते.

निघताना सुनंदा म्हणाली, "मामाजी, तिथं तेलुगूत बोला. तुमाले येते ना?"

"येते. पन मत मागाले हे मराठीत येतात, तर सवालबी मराठीतच आयकतीन."

"बोला मंग भिंतीसंगं," असे म्हणून तिने भाकर बांधून दिली.

बसमध्ये कंडक्टर घुंगरू पाहून म्हणाला, "ताता (आजोबा), कोनाच्या लग्नात नाचाले चालले?"

"तुयाच," म्हटले. सगळी बस हसली.

गुडीहत्नूर सोडले की रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात. भरलेल्या गाड्या जाताना काट्यांना लागून राहतो तो कापूस. मावला गावच्या तळ्यात बगळे उभे होते, पण माझे लक्ष बाभळींवरच. लोकांचा कापूस बाजाराला निघाला होता.

बसस्टँडवर मिरची भजी घेतली आणि भाकरीबरोबर खाल्ली. तिखटाने कान गरम झाले. मुलाखतीच्या मैदानाच्या फाटकावर एकाने अडवले. "काठी बाहेर ठेवा."

"मंग मीबी बाहेरच."

बरीच हुज्जत झाल्यावर घुंगरांवर भाकरीचे फडके गुंडाळले, तेव्हा सोडले.

मुलाखत मी कान देऊन ऐकली. पहिला उमेदवार कडक इस्त्रीतला. अवघड सवाल आला की आधी पाणी प्यायचा. चार सवालांत बाटली संपली. दुसरा तरणा, हात फार हलवायचा, आणि विचारले काहीही तरी पहिल्याचेच वाभाडे काढायचा. तिसरी बाई होती, इंद्रवेल्लीकडची, पूर्वी शाळेत शिकवायची. ती दोनदा म्हणाली, "हे मला माहीत नाही." लोक हसले. मीही मनात तिचे नाव खोडले. माहीत नाही तर उभी काऊन राहिली?

माझी पाळी आली. उठलो. "साहेब, आमच्या वावरात वाग येते. बाया वेचणीले येऊन नाही राह्यल्या. त्या वागाचं काय करता?"

माझ्या जिभेला घ कधी जमला नाही. दुसरीत गुरुजींनी त्यासाठी छड्या मारल्या. शाळा सुटली, जीभ तशीच राहिली. आणि तेलुगूत वागु म्हणजे ओढा.

पहिला लगेच म्हणाला, "ताता, सहा महिन्यांत वागुवर वंतेन (पूल) बांधून देतो!"

टाळ्या पडल्या. दुसरा उसळला. "हे एक बांधतील, आम्ही दोन बांधू!"

"अरे, वागावर पूल कसा बांधता?" मी ओरडलो.

"सिमेंटचा!" पहिला म्हणाला.

तेलुगूत वाघाला पुली म्हणतात. एवढा एक शब्द, ओठावर आला होता. मी गिळला. रागाने काठी आपटली तसे फडके सुटले आणि घुंगरू वाजले.

बाईने मान वर केली. "मामा, काठीले घुंगरू काऊन बांधले?"

"जनावर दूर जावं म्हणून."

"अवो, वागु नाही हो," ती त्या दोघांकडे वळली, "पुली!"

सारा मांडव हसला. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, वाघ हटवायचं वचन मी नाही देत. अर्ज मात्र आत्ता लिहून देते."

कार्यक्रम संपल्यावर तिने मांडवाच्या पायरीवर बसून तेलुगूत अर्ज लिहिला आणि मला मराठीत वाचून दाखवला. मी खाली मराठीतच सही केली.

जंगलखात्याच्या कचेरीत एकटाच गेलो. टेबलामागच्या माणसाने विचारले, "एमैंदि, ताता? (काय झालं, आजोबा?)"

उभा राहिलो. डोळ्यांपुढे वावरात वाकलेली सुनंदा आली.

"पुली," मी म्हणालो.

त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि गावाचे नाव विचारले.

दिवेलागणीला घरी पोचलो. सुनंदाने सगळे टीव्हीवर पाहिले होते. पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "मामाजी, एक शब्द म्हनाले काय जड जात होतं?"

"म्हटला. कचेरीत म्हटला."

तिने जेवायला वाढले. ताटात गुळाचा खडा जास्तीचा होता.

चौथ्या दिवशी दोन माणसे धुऱ्यावर येऊन उभी राहिली, आणि बायाही आल्या. त्याच आठवड्यात पहिल्या उमेदवाराने धाडलेले दुसरे दोघे टेप घेऊन आले, पुलाची जागा मोजायला. आमच्या गावाला ओढाच नाही. मत कोणाला, हे मी सांगत नसतो. पण जो 'माहीत नाही' म्हणतो तोच आधी विचारतो, हे समजायला मला आदिलाबादेपर्यंत जावे लागले. ते दोघे टेपवाले वावरात उभे राहून विचारत होते, "वागु कुठं आहे?"

मी त्यांना ओल्या मातीतला पंजा दाखवला. म्हटले, "मोजा."