भंतेजींची खोली

माझ्या मोठेबाबांइतका, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाइतका, हट्टी माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नव्हता. असता तर जिल्ह्याला झेपलाही नसता. कोंढ्यात आम्ही वर्गणी काढून बुद्ध विहार बांधला, तेव्हा सगळ्यात जास्त विटा वाहिल्या त्यांनी, आणि बांधून झाल्यावर त्याला विहार म्हणायला नकार दिला तोही त्यांनीच. म्हणाले, "भिक्कू राह्यते त्याले विहार म्हंतेत. आपल्या इथी तं सतरंज्याच राह्यतेत." ते त्याला सभागृह म्हणत. ताईच्या लग्नाच्या पत्रिका पवनीहून छापून आल्या, तर यांनी एका बैठकीत दोनशे पत्रिकांवरचा 'विहार' खोडून 'सभागृह' लिहिलं. व्याह्यांना वाटलं, लग्नाची जागाच बदलली.

शेवटी वैतागून लोक म्हणाले, तुम्हीच बांधा मग भिक्खूंसाठी खोली. झालं, लोकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. धानाची कापणी आटोपली की मोठेबाबा तळ्याची माती आणून विटा पाडत आणि जो दिसेल त्याला हाताखाली घेत. दोन उन्हाळ्यांत विहाराला लागून खोली उभी राहिली. आत बाज, मच्छरदाणी, पाण्याचा माठ. मग दर आषाढी पौर्णिमेआधी, भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम करतात त्या वर्षावासाचं निमंत्रण घेऊन ते साकोलीपासून नागपूरपर्यंत हिंडत. गावं भाराभर, भिक्खू मोजके. दरवर्षी एकटेच परतत, आणि दुसऱ्या दिवशी माठ भरत.

एका पावसाळ्यात त्यांच्याच घराची भिंत बसली. मोठीआई म्हणाली, खोली रिकामीच आहे, महिनाभर तिथे राहू. मोठेबाबांनी सरळ बिऱ्हाड आमच्या ओसरीवर आणलं. "अन् भंतेजी आले तं? त्यायले सरका म्हनू काय?" मोठीआई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

आठव्या वर्षी एक म्हातारे भंतेजी खरंच आले. त्यांचा खोकला आम्हाला पहाटे ऐकू येई. मोठेबाबा तो ऐकत अंगणात बसून राहत, चेहऱ्यावर असं समाधान की मला हसू येई. आश्विन पौर्णिमेनंतर भंतेजी गेले. पुन्हा कोणी आलं नाही. माठ मात्र रोज भरला जाई.

पुढे माझ्या लग्नाच्या पत्रिका आल्या. 'विहार' छापलेलाच होता. मी आपणहून गठ्ठा मोठेबाबांसमोर ठेवला. त्यांनी खिशातून पेन काढला, टोपण उघडलं आणि पहिल्या पत्रिकेवरच्या 'विहार'पाशी टोक नेलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवला.

"असू दे बाबू," ते म्हणाले. "तीन मयने राह्यले ना भंतेजी."

मला त्या दिवशी वाटलं, त्यांनी खोडलं असतं तर बरं झालं असतं.