काळी चार

साहेबराव गायकवाडांच्या गायन पार्टीत एकच नियम होता. गाणं होईल ते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीत. तिथं ज्याचा गळा पोचत नाही, त्यानं खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवाव्यात. "पट्टी उतरवायची म्हंजी मान उतरवायची," असं ते सांगत, आणि तळेगाव ढमढेऱ्यात ते कुणाला खोटं वाटत नसे.

त्यांची धाकटी मुलगी तेजश्री सतरंजीवरच बसायची. गळा तिचा गोड, पण काळी तीनच्या वर गेला की चिरकायचा. "काळी चार लाव, मग माइक घे," आबांनी, म्हणजे साहेबरावांनी, सांगून टाकलं. एक पट्टी खाली उतरलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण आबांना हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

मग पोरीनं हट्ट धरला. रोज पहाटे पेटी काढायची आणि काळी चारवर गळा ताणायचा. नवल असं, की कार्यक्रमात समोर बसून आबांच्या मागं गुणगुणताना तिला काहीच जड जात नसे. घरी पेटीवर बसलं की गळा अडायचा. मी भित्री, दुसरं काय, असं समजून तिनं आणखी जोर लावला. सकाळी बसलेला आवाज संध्याकाळी सुटेनासा झाला, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या. गाणं बंद करा, म्हणाले. तिनं दोन महिने कसंबसं तोंड मिटलं आणि परत पेटी काढली. त्यानंतर जे काही उरलं, त्याला आवाज म्हणायचं तर म्हणावं.

तिचा थोरला भाऊ सम्राट सणसवाडीला कंपनीत होता आणि पार्टीत गिटार वाजवायचा. "आता पेटी कोण ऐकतंय आबा?" म्हणून स्टेजवरची पेटी त्यानंच घरी बसवली होती. गिटारपुढं त्यानं पायानं दाबायची एक लोखंडी डबी ठेवली होती. ती कशाला, असं आबांनी विचारलं, तर "आवाज गोल येतो," म्हणाला. आबा त्याच्या बोटांवर नजर ठेवून असत. बोटं चौथ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या चौथ्या घरात, दिसली की काळी चार, त्यांचा हिशोब सरळ होता.

यंदा वडगाव रासाईला जयंतीचा कार्यक्रम होता. आबा रंगात आले, ठेका धरत पुढं सरकले आणि त्यांचा बूट त्या डबीवर पडला. डबीचा लाल दिवा विझला. सम्राटची बोटं तिथंच होती, पण गिटार एकाएकी टणकन वर चढली. आबांनी तान घेतली आणि भर सभेत त्यांचा गळा फाटला. सम्राटनं चटकन पाय मारला. दिवा लागला, गिटार खाली आली, ढोलकीवाल्या खंडूनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, माइक बिघडला. आबांनी एकदा डबीकडं पाहिलं, एकदा लेकाकडं, आणि पुढचं कडवं उचललं.

तेजश्रीला मात्र सगळं कळलं: बोटं काळी चारवर दिसत होती आणि ती डबी सूर गुपचूप खाली उतरवत होती. स्टेजमागं तिनं भावाला गाठलं.

"किती उतरवतुयास?" तिचा आवाज नुसता खरखरला.

"चार सूर." त्यानं मान वर केली नाही. "शिरूरला आबांचा गळा फाटला, तवा दोन दिस जेवले न्हाईत ते. मग दरसाल एकेक सूर उतरवत गेलो."

काळी चारच्या खाली, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून, चार सूर, म्हणजे पांढरी तीन. तिची काळी तीन त्याच्याही वर होती. ज्या उंचीसाठी तिनं गळ्याची माती केली, तिथं आबा कित्येक वर्षांत गेलेच नव्हते.

"मी रोज पहाटं वरडत हुते, तवा तू शेजारच्या खोलीतच हुतास ना रं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती झाकायला सम्राटनं बहिणीचा गळा वापरला होता, आणि हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो वायरी गुंडाळत राहिला.

परतीच्या जीपमध्ये आबा पुढं बसले. "माइकनं दगा दिला आज," असं ड्रायव्हरला दोनदा सांगून झालं. मग मागं न बघताच त्यांनी विचारलं, "तेजे, रियाज सोडलास जणू? लागती का काळी चार?"

"तुम्हाला लागती का, आबा?"

जीपच्या घरघरीत ते पुढच्या सीटपर्यंत पोचलं नाही. "काय म्हणाली रं?" आबांनी विचारलं.

मागं तिच्या शेजारी बसलेल्या सम्राटनं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

"काय न्हाई आबा," तो म्हणाला. "घसा बसलाय तिचा."