जोडीचा दगड

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊ लागतात, आमचे हे स्मशानात जाऊ लागले, असं बायको पाहुण्यांना सांगते. ते अगदीच खोटं नाही. जगभरातल्या थडग्यांची नोंद ठेवणारं एक संकेतस्थळ आहे. दगडाचा फोटो काढायचा, त्यावरचं नाव वाचायचं आणि त्या माणसाचं पान तयार करायचं. मग लांबच्या नातलगांना ते घरबसल्या सापडतं. तिथे फूल वाहता येतं, चार ओळी लिहिता येतात. मी माझ्या पणजोबांच्या शोधात यावलला खेटे घालता घालता या नादाला लागलो. पणजोबा काही सापडले नाहीत, नाद मात्र राहिला.

आधी भुसावळच्या जुन्या दफनभूमीतले रेल्वेवाल्यांचे दगड टिपले. परदेशातून त्यांच्या पणतवंडांचे आभाराचे निरोप यायचे, छाती फुगायची. मग वाटलं, आपल्या लोकांनी काय घोडं मारलंय? आपण माणूस जाळतो खरं, पण आमच्याकडे शेताच्या बांधावर आईबापाच्या नावाचे ओटे असतात, वर दगडी पादुका असतात. मी जळगावहून स्कूटर काढायचो आणि दिवसाला चार-पाच ओटे टिपून परत यायचो. नोकरी जमीन मोजणी खात्यात झाली. दुसऱ्याच्या मोजणीतली चूक काढण्यात हयात गेली, आणि तो गुण अंगात मुरलेला. माझ्या नोंदी अचूक, हे मी कुणी न विचारताही सांगायचो.

धरणगावच्या पलीकडे एका शेतात जोडीचा दगड दिसला. पादुकांचे दोन जोड, नवऱ्याचं नाव, त्याखाली तारीख. बायकोचं नाव, त्याखाली काहीच नाही. तारीख झिजली असेल, असं मी ठरवून टाकलं. दुपारचे दोन वाजले होते, उन्हाने जीव नको झाला होता आणि विचारायला आसपास कुणी नव्हतं. दोघांची दोन पानं केली. तिच्या पानावर लिहिलं, मृत्यूची तारीख अज्ञात.

पुढच्या आखाजीला, म्हणजे पितरांच्या नावाने घागर भरायच्या अक्षय्य तृतीयेला, त्या पानावर फूल आलं आणि त्याखाली लांबलचक मजकूर. तोही मराठीत. माझ्या पानांवर मराठीत पहिल्यांदाच कुणी लिहिलं होतं, म्हणून मी चहा टाकायला सांगितला आणि खुर्ची ओढून वाचायला बसलो.

लिहिणारी त्या दोघांची एकुलती मुलगी होती. बारा वर्षांपूर्वी तिने घरच्यांना नको असलेल्या मुलाशी लग्न केलं आणि घराचं दार तिला बंद झालं. ‘वडील गेले तेव्हा मी गावच्या फाट्यापर्यंत आले होते,’ तिने लिहिलं होतं. ‘टपरीमागे उभी राहिले आणि मिळेल त्या गाडीने परत सुरतेला गेले. आई, तू गेलीस हे मला या पानावरूनच कळलं, तुझ्या वेळी तेवढंही जमलं नाही. आज आखाजी. तुझ्या नावाची घागर भरली, वर सांजोरी ठेवली, विस्तवावर घासाची आगारी टाकली. इथल्या बायका म्हणाल्या, हे मुलाने करायचं असतं. मी म्हटलं, आहे कोण दुसरं? तू कोणत्या तिथीला गेलीस, ते तरी कळायला हवं होतं.’

ती तिथी शोधून द्यायला मी दुसऱ्याच दिवशी निघालो. शेतात एक म्हातारी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून त्यांचा भारा बांधत होती. मी दगडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “अक्का, या बाईंना जाऊन किती दिवस झाले?”

तिने भारा खाली ठेवला. “ती मीच शे,” ती म्हणाली.

दगडाकडे दाखवलेलं बोट मी खाली घेतलं. ती मात्र शांतपणे सांगू लागली. नवऱ्याचा दगड घडवला तेव्हाच तिने आपलंही नाव कोरून घेतलं होतं. “मना मांगे कोन शे भाऊ? माले कोन बसाडी दगड?” मागे दगड बसवायला कुणी नसलेल्या बाया त्या भागात असं करून ठेवतात, हे मला, इतकी वर्षं खानदेशातली शेतं पायाखाली घालणाऱ्याला, ठाऊक नव्हतं.

मी सगळं कबूल केलं, मुलीचा मजकूरही वाचून दाखवला. ती अंगावर येईल, शिव्या घालेल, असं वाटलं होतं. तिने टपरीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग घागरीचा. “आखाजीले बठ्ठास्न्या पोरी माहेरले येतीस,” ती म्हणाली, “मनी पोरनी मनी घागर भरी.” आणि तिथेच बांधावर बसून ती रडली. मी कुठे बघावं ते न कळून दगडाकडे बघत राहिलो. त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

“आजच तिला कळवतो, तुम्ही आहात म्हणून,” मी म्हणालो.

“नका कळाडू.” तिने डोळे पुसले. “बारा वरीस जित्ती मायले तिनी एक फोन नही करा. मरेल मायले इतलं लिखं. मी जित्ती शे हाई समजनं, का ती हाई बी पुसी टाकी.”

मी बरं म्हणालो. घरी येईपर्यंत माझं बरं संपलं होतं. मनाशी म्हटलं, माय जिवंत असताना लेकीने सुतक पाळावं हा अन्याय आहे. कळलं की ती धावत येईल. खरं सांगायचं तर मला माझी चुकीची नोंद सहन होत नव्हती. संध्याकाळीच मी मुलीला निरोप धाडला: चूक माझी, आई हयात आहे, तुमचं लिहिलेलं तिने ऐकलं आहे.

सकाळी पाहिलं तर फूल नव्हतं. मजकूर नव्हता. उत्तरही नव्हतं. मी तीनदा लिहिलं, मग लिहायची हिंमत राहिली नाही.

पंधरा दिवसांनी शेतावर गेलो तो सांगून मोकळं व्हायला. म्हातारीने मला पाहताच गोणपाट झटकून बसायला टाकलं आणि म्हणाली, “वाचा भाऊ.” माझ्याच्याने सांगवलं नाही. मोबाईल समोर धरला आणि आठवेल तसं बोलू लागलो. फाटा, टपरी, सुरत, घागर, सांजोरी.

ती मोबाईलकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती. “मांगला खेपले वाचता वाचता बोट सरकाडी राह्यनात,” ती म्हणाली. “आज बोट हालनं नही.”

मी मोबाईल खाली ठेवला.

“पुसी टाकं ना तिनी?”

“हो.”

“मंग तिले समजनं. मी शे म्हनीसन.”

“हो, अक्का. मीच कळवलं.”

तिने फाट्याच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग पदर सारखा करून माझ्याकडे वळली.

“जितलं ध्यानमा शे तितलं सांगा,” ती म्हणाली, “पहिलापाइन.”