रशियनच्या बाईंची इंग्रजी

एकोणीसशे नव्वदच्या जूनमध्ये चेक देशातल्या आमच्या यासेनोव्ह गावच्या शाळेने मुलांना एक कागद वाटला. कम्युनिस्ट राजवट नुकतीच गेली होती, आणि तिच्याबरोबर रशियनची सक्तीही. पुढच्या वर्षी कोणती भाषा शिकायची, त्यावर खूण करा. दोनशे अकरा कागद परत आले. रशियनवर खूण एकाच कागदावर होती, आणि तीही चुकून झाली असं त्या मुलीची आई दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेली.

ब्लाझेना वोंद्रुश्कोवाबाई त्या शाळेत तेवीस वर्षं रशियन शिकवत होत्या. वय सत्तेचाळीस. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. उंच, सडपातळ बाई. चालताना दप्तर छातीशी धरायच्या, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. एकटेच राहणारे मुख्याध्यापक स्वातोप्लुक हेयत्मानेक यांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि खुर्ची पुढे सरकवली. सरांनी खुर्ची दिली म्हणजे बातमी वाईट, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

"बाई, सप्टेंबरपासून तुम्ही इंग्रजी शिकवायचं."

"सर, मला इंग्रजीतलं 'ओके' येतं. आणि 'वीकएंड'."

"म्हणजे दोन शब्द झाले. मला एकच येतो."

"थट्टा करताय का गरिबाची?"

"थट्टा कुठली! अहो, अख्ख्या जिल्ह्यात इंग्रजीचा मास्तर औषधाला मिळत नाही. मुलांच्या एक धडा पुढे राहा, बस्स. तीन वर्षांत ब्रनोला जाऊन परीक्षा द्या."

"आणि नापास झाले तर?"

"तर शाळेच्या स्वयंपाकघरात क्व्येताला हाताखाली कुणीतरी हवंच आहे."

बाई घरी गेल्या, दार लावलं आणि रडल्या. मग तोंड धुऊन पुस्तकाचा पहिला धडा उघडला. त्यांचा स्वभावच तसा. रडणं एकदाच, तेही वेळेत उरकायचं.

घर, पाणी, कुत्रा, पाव हे शब्द पटकन आले. कॅसेट लावून, आरशासमोर जीभ दातांत धरून उच्चारही बसवले. पण पुस्तक जाड होत गेलं तसे लांब शब्द येऊ लागले, आणि ते सगळे एकाच आईची लेकरं असल्यासारखे दिसायचे. कम्पोज, एक्स्पोज, प्रपोज, सपोज. रात्री पाठ करावेत आणि सकाळी त्यांनी आपापसात टोप्या बदलाव्यात. नोव्हेंबरात आठवीच्या वर्गात राजाने गाणं रचलं असं सांगायचं होतं. बाईंनी सांगितलं, राजाने गाणं उघडं पाडलं. मुलं बाकांवर लोळली. बाईही हसल्या, पण त्यांना गप्प करता करता घसा बसला. शाळा सुटल्यावर त्या घशाच्या गोळ्या घ्यायला चौकातल्या औषधांच्या दुकानात गेल्या.

दुकान आता मुलगी चालवायची, पण म्हातारे हान्झेल्का अजून रोज येऊन गल्ल्यामागे बसत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, नाकावर चष्मा, आणि जिभेवर गावातल्या प्रत्येकासाठी एकेक चिमटा.

"काय बाई, घसा बसला की नशीब?"

"दोन्ही. हे बघा." बाईंनी वही पुढे केली. "सांगा, माणसाने हे कसं लक्षात ठेवायचं?"

हान्झेल्कांनी वही वाचली आणि इतक्या मोठ्याने हसले की मुलगी आतून धावत आली.

"अहो, हे इंग्रज कुठले! हे आमचे लॅटिनवाले. आठ वर्षं मी यांच्यापायी छड्या खाल्ल्यात. टोपी इंग्रजांची घातलीय, पण कान बघा, ओळखू येतात." त्यांनी गोळ्यांचा डबा उचलला आणि गल्ल्यावर ठेवला. "हे काय केलं मी?"

"ठेवला."

"हेच ते 'पोज'. ठेवणं. आपल्या भाषेत काय?"

"लोझित."

"आता बघा." त्यांनी दुसरा डबा आणून पहिल्याला चिकटवला. "कॉम म्हणजे एकत्र. एकत्र ठेवले. कम्पोज. गाणं रचतो त्याला आपण काय म्हणतो?"

बाई दचकल्या. "स्लोझित."

"स म्हणजे?"

"एकत्र," बाई पुटपुटल्या.

हान्झेल्कांनी डबा बाईंच्या पुढ्यात सरकवला. "प्रो म्हणजे पुढे. प्रपोज. सभेत ठराव पुढे ठेवतो तेव्हा?"

"प्रशेद्लोझित! पुढे ठेवणं!"

"ओरडू नका, गिऱ्हाईक पळेल. आता पोस्ट म्हणजे नंतर. पोस्टपोन. पोन हा पोजचाच भाऊ." डबा गल्ल्याच्या पार टोकाला गेला.

"ओद्लोझित. बाजूला ठेवलं, नंतर बघू."

"एक्स म्हणजे बाहेर." ते डबा घेऊन थेट दुकानाच्या काचेत ठेवून आले. "एक्स्पोज. माल बाहेर मांडतो त्या काचेला आपण काय म्हणतो? व्हीलोहा. तोच लोझित, दाराबाहेर काढलेला. आपल्या जुन्या पंडितांनी लॅटिन पोथ्या समोर ठेवून एकेक सांधा जुळवला असणार, दुसरं काय! बाई, हे शब्द तुम्हाला जन्मापासून येतायत. फक्त चेकमधून येतायत."

बाई घशाच्या गोळ्या न घेताच बाहेर पडल्या. अर्ध्या चौकातून परत आल्या, गोळ्या घेतल्या आणि हान्झेल्कांच्या दोन्ही गालांची पापी घेतली. म्हातारा म्हणे आठवडाभर दाढी करायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात पुस्तक उघडलंच नाही. बाईंनी स्वतःची टोपी घेतली आणि ती ठेवत सुटल्या. टेबलावर, टेबलाखाली, मुलांच्या पुढ्यात, खिडकीबाहेर. मुलं चेक शब्द ओरडायची, बाई इंग्रजी लिहायच्या. तासाच्या शेवटी फळ्यावर दोन उभ्या रांगा होत्या आणि मधे जोडणाऱ्या रेघा. 'सपोज'पाशी मात्र गाडी अडली. सब म्हणजे खाली. खाली ठेवणं म्हणजे गृहीत धरणं? आणि चेकमध्ये तर आपण गृहीत धरलेली गोष्ट आधी, पुढे ठेवतो. यिंद्र्शिश्का नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, त्यांनी खाली का ठेवलं?"

बाईंना उत्तर माहीत नव्हतं. तेवीस वर्षांत त्या वर्गात असं कधी बोलल्या नव्हत्या, पण त्या दिवशी बोलल्या, "मला नाही माहीत. तुला काय वाटतं?"

"ते लोक पायाचा दगड ठेवतात, मग त्यावर बोलतात. आपण दगड समोर ठेवतो, म्हणजे ठेच लागत नाही."

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. ती वही मी पाहिली आहे, कारण मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला चेक शिकवली ती बाईंनीच, आणि अशीच. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या मराठीत असं काही आहे का? मी म्हटलं, आहे की. एका 'हार'ला पुढून काय जोडाल त्यावर आहार, विहार, प्रहार, उपहार, संहार. त्यांनी एकेकाचा अर्थ विचारून घेतला. "म्हणजे जेवण, फिरायला जाणं, फटका, भेटवस्तू आणि सत्यानाश एकाच घरात? तुमच्याकडच्या घरांत मजा आहे!"

पण गावाला बाईंची किंमत कळली ती मुरंब्यामुळे.

ब्याण्णवच्या शरदात इंग्लंडमधून विनिफ्रेड थॉर्प नावाची निवृत्त शिक्षिका शाळेत आठवडाभर मुलांशी बोलायला आली. पहिल्या दुपारी सरांनी तिला शाळेच्या जेवणघरात बसवलं. बाई अजून वर्गात होत्या. क्व्येताने आपले गरमागरम बुख्ते, म्हणजे आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेले पाव, स्वतःच्या हाताने वाढले. थॉर्पबाईंनी एक खाल्ला, डोळे मिटले, दुसरा घेतला आणि सरांना काहीतरी विचारलं. सर पाणी पीत होते. ते पाणी टेबलक्लॉथवर गेलं.

"काय म्हणतेय ती?" क्व्येताने विचारलं.

"काही नाही."

"सर, मी बघतेय, तुम्ही बीटासारखे लाल झालात. काय म्हणतेय?"

सर तिच्या कानाशी गेले. "ती विचारतेय, मुरंब्यात... प्रेझेर्वातिव्ह आहेत का."

आता चेकमध्ये त्या शब्दाचा एकच अर्थ आहे: निरोध. क्व्येताच्या हातातलं भांडं खाली आपटलं.

"माझ्या मुरंब्यात? दोन दिवस तांब्याच्या हंड्यात घोटलाय मी तो! सांगा तिला, असली थेरं लंडनला चालत असतील!"

थॉर्पबाई बिचारी घाबरून हातातला पाव खाली ठेवत होती, तेवढ्यात ब्लाझेनाबाई दारात आल्या. काय झालं ते सरांनी कुजबुजून सांगितलं. बाई खुर्चीचा आधार घेऊन हसल्या आणि मग क्व्येताला जवळ बसवलं.

"अगं, सेर्व म्हणजे राखणं. प्रे म्हणजे आधीपासून. इंग्रजांनी त्यातून फळं राखायची पावडर काढली. आपल्या लोकांनी... जे राखायचं ते राखलं. ती एवढंच विचारतेय की मुरंबा टिकायला काही घातलंय का."

"साखरसुद्धा घातलेली नाही!" क्व्येता म्हणाली.

हे सगळं बाईंनी थॉर्पबाईंना इंग्रजीत समजावलं, न अडखळता, चेकमधल्या अर्थासकट. पाहुणीने आधी हात तोंडावर नेला, मग टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की चष्मा मुरंब्यात पडला. तिने एकूण पाच बुख्ते खाल्ले. संध्याकाळपर्यंत गोष्ट बेकरीत पोचली होती. रात्री पबमध्ये लोक 'बिनप्रेझेर्वातिव्हचा मुरंबा' मागत होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू करावा लागला. चौदा जण आले. शेवटच्या बाकावर स्वतः हेयत्मानेक सर बसले होते, नवीन वही घेऊन.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात बाई ब्रनोला परीक्षेला गेल्या. समोर तीन परीक्षक. उताऱ्यात एक शब्द आला जो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता: सुपरइम्पोज. बाई थांबल्या, मग म्हणाल्या, "एका गोष्टीवर दुसरी गोष्ट ठेवणं, म्हणजे खालची दिसत राहील अशी."

"हा शब्द तुम्हाला माहीत होता?" मधल्या परीक्षकाने विचारलं.

"नाही. पण याचे सगळे नातेवाईक माझ्या ओळखीचे आहेत."

त्या पास झाल्या.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत मेजवानी झाली. बटाट्याचं सॅलड आणि हॅम रचलेले पावाचे तुकडे, मोरावियाची पांढरी वाइन. थॉर्पबाई खास इंग्लंडहून परत आली होती. हान्झेल्का नवा टाय लावून आले होते. हेयत्मानेक सरांनी ठरवलं की आपण दोन शब्द इंग्रजीत बोलायचे आणि बाईंच्या नावाने ग्लास उंचावण्याचा प्रस्ताव ठेवायचा. ते उभे राहिले, ग्लास वर केला.

"डिअर ब्लाझेना," ते म्हणाले, "आय प्रपोज टू यू..."

पुढचा शब्द आठवेना. ग्लास हवेत राहिला. थॉर्पबाई "ओह!" म्हणाली आणि टाळ्या वाजवू लागली. संध्याकाळच्या वर्गातल्या ज्यांना कळलं ते बाकीच्यांच्या कानाला लागले, आणि सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

बाईंच्या कानांपर्यंत लाली चढली होती. पण आवाज वर्गातला होता, स्पष्ट.

"मिस्टर हेडमास्टर, आय पोस्टपोन."

छप्पर उडेल असा हशा झाला. सर सगळ्यांना विचारत फिरले, "काय बोललो मी? काय बोललो?" कुणी सांगेना. शेवटी हान्झेल्कांनी सांगितलं, आणि सर मटकन खाली बसले.

दोन आठवडे ते बाईंना जिन्यात चुकवत राहिले. तिसऱ्या रविवारी सकाळी बाईंच्या दाराची घंटा वाजली. सर उभे, अंगात चांगला कोट, हातात टोपलीभर मशरूम. पहाटे जंगलात जाऊन आणलेली, बुटांना चिखल.

"बाई, मी शब्दकोशात बघितलं," ते म्हणाले. "पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणं. नाही म्हणणं नव्हे."

"बरोबर बघितलंत."

"मग किती पुढे?"

बाईंनी टोपलीतली मशरूम एकेक उचलून पाहिली. एक विषारी निघाली, ती बाहेर फेकली. "सर, तुम्ही तेव्हा चुकून बोललात."

"चूक व्याकरणाची होती," सर म्हणाले. "बाकी काही चूक नव्हती."

पाहुण्याला कोट काढून ठेवा म्हणायचं तर चेकमध्ये त्यालाही तोच शब्द, ओद्लोझित, बाजूला ठेवणं. बाई दारातून सरकल्या. "आत या. आज बाजूला ठेवायचा तो फक्त कोट."

पुढच्या जूनमध्ये नगरपालिकेत लग्न झालं. सर ज्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे तो अख्खा बँड आला, आणि नवरदेवालाच दोन गाणी वाजवावी लागली. मग दोघं बसने इंग्लंडला निघाली, थॉर्पबाईकडे, आयुष्यात पहिल्यांदा. डोव्हरच्या बंदरात उतरून रांगेत उभी राहिली. काचेमागच्या झोपाळू अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडून विचारलं, भेटीचं पर्पज काय?

बाईंचे डोळे चमकले. "स्वातोप्लुक! ऐकलंस? पर्पज! हाही पोजच्याच घरातला असणार! पुढे ठेवलेला हेतू!"

"घरी जाऊन कोशात बघू," सर म्हणाले. "आत्ता याला काय सांगू?"

"अरे, खरं ते सांग."

सर काचेजवळ वाकले आणि छाती फुगवून म्हणाले, "वाईफ."

अधिकाऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि हसत शिक्का मारला.