डोळ्यातला पांढरा ठिपका

प्रदर्शनात माझं चित्र टांगलंय आणि मी त्याच्यासमोर परक्यासारखा उभा आहे. तीस वर्षं मी थिएटरवरचे सिनेमांचे बोर्ड रंगवले. मग फ्लेक्स आला आणि आमचं काम गेलं. आता या कलादालनाला आमची आठवण झाली. ‘त्याच भडक रंगांत स्वतःचं पोर्ट्रेट करा,’ म्हणाले, ‘याला पॉप आर्ट म्हणतात.’ आम्ही त्याला पोट भरणं म्हणायचो.

आमची एक रीत होती. हिरोच्या डोळ्यात सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका द्यायचा, म्हणजे डोळा चमकतो. व्हिलनला तो द्यायचा नाही. आरशात बघून स्वतःला रंगवताना हातानं सवयीनं तो ठिपका दिला. गुलाबी गाल, निळी हनुवटी, मागे पिवळा भडका. बायको चहा घेऊन आली, कप ठेवून चित्राकडे वळली.

‘छान झालंय हो,’ म्हणाली, ‘पण हा कोण?’

इतकी वर्षं दुसऱ्यांचे चेहरे वीस-वीस फुटांचे केले, त्यांच्यासारखा भांग पाडला, त्यांच्यासारखं हसायला शिकलो. माझं असं काही उरलं असेल, तर ते हाताला ठाऊक नाही.

चित्राशेजारी फोटो काढायला गर्दी झालीय. एक मुलगी मोबाईल खाली करून मला म्हणाली, ‘काका, जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय.’

मी बाजूला झालो. बोर्ड वर चढला की रंगाऱ्यानं खालून निघून जायचं असतं.