एक लहान बटाटा

बस थांब्यासमोरच्या रसाच्या दुकानात मावशी उभी असली, की गिऱ्हाइकाने आपल्याला काय हवंय ते सांगायची सोय नसे. "चेहरा किती उतरलाय तुमचा, संत्र्याचा घ्या," असं म्हणून ती यंत्र सुरूही करी. बाप फळवाला, आजा फळवाला. फळांतलं मावशीला सगळं कळतं, असं लोक म्हणत आणि तिने ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

नवरा अगदी उलट. दुकानाला लागूनच त्याची घड्याळदुरुस्तीची टपरी. डोळ्याला भिंग, मान खाली, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याची चैन एकच: सालासकट उकडलेला बटाटा, वर मीठ.

त्याच्या रक्तात साखर वाढली, यकृतावर चरबी चढली. भात, पाव, बटाटा कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता मावशीच्या स्वभावात 'कमी' बसतच नव्हतं. तिने सगळं बंदच केलं. बटाट्यांची टोपली शेजारणीला देऊन टाकली. भुकेचं काय? त्याला घरचंच औषध होतं. सकाळी संत्र्याचा रस, दुपारी द्राक्षांचा, संध्याकाळी अननसाचा आणि वर चमचाभर मध. टपरीच्या खिडकीतून ती स्वतः पेला आत द्यायची आणि रिकामा होईपर्यंत हलायची नाही.

"आज एखादा बटाटा उकडतेस का?" तो विचारायचा.

"जिभेचे चोचले! जीव प्यारा आहे की बटाटा?"

एकदा त्याने सुरुवात केली होती, "अगं, दवाखान्यातल्या त्या आहारवाल्या बाई म्हणत होत्या…" मावशीने यंत्र लावलं. "फळवाल्याच्या लेकीला फळं शिकवतात होय?" त्या घरघरीत त्याचं वाक्य बुडालं. त्याने पेला तोंडाला लावला.

वर्ष असंच गेलं. माणूस पिवळा पडत चालला, पाय सुजले. या खेपेला मावशी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि आहारवाल्या बाईंना आपला पराक्रम छाती फुगवून सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, रसातून साखर भसाभस पोटात जाते. त्यातली फळांची साखर, फ्रुक्टोज म्हणतात तिला, ती पेलावी लागते यकृताला. त्यांचं यकृत आधीच दमलेलं. सगळा दोष रसाचा नाही, पण भर पडली. थोडंच पिठूळ खायचं असेल तर ते लहानशा बटाट्यातून घ्यावं, नाहीतर चार घास भातातून. फळ खायचं तर थोडं, तेही चावून. रस आणि मध नको."

"हे आधी कोणी सांगितलं नाही!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यांना."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मावशी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आली होती. घरी आल्या आल्या ती शेजारणीकडे गेली आणि एक बटाटा मागून आणला, लहानातला लहान. उकडला, मीठ भुरभुरलं, त्याच्यासमोर ठेवला. आपण या माणसाला आपल्या हाताने, उभं राहून, पेला संपेपर्यंत पाजलं, हेच तिच्या डोक्यात घुमत होतं.

त्याने एक घास घेतला. बराच वेळ चघळला. दुसरा घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"चांगला झालाय. पण आता जात नाही गं."

मावशीला रडू आवरेना. "अहो, माहीत होतं तर मला सांगितलं का नाही?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावला नव्हता, तेच तिला सोसवेना.

"सांगत होतो की," तो म्हणाला. "रोज मागत होतो."