आबांचं ‘बरं हाय’ आणि तेत्सुओचं ‘कॉपी’

कोल्हापुरातून मुंबईला जाणाऱ्या खासगी बसच्या थांब्यावर आबा मला सोडायला आले ते गॅरेजच्या कपड्यांतच. आईने त्यांच्यासाठी धुतलेला सदरा काढून ठेवला होता. तो खुंटीवरच राहिला, कारण कागलच्या कुणाच्यातरी ट्रॅक्टरचं इंजिन उघडं पडलं होतं. बस सुटायच्या बेतात होती तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वस्तू माझ्या हातातल्या पिशवीत खुपसली. म्हणाले, “तिकडं यंत्रं असतील. माणसं काय, कायपण सांगतात. यंत्राचं ऐकत जा.”

उघडून बघायची गरजच नव्हती. तो त्यांचा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर होता. इंजिन चालू करून आबा त्याचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, दोन नंबरच्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय. उघडून बघितलं की गेलेलंच असायचं. लहानपणी ते मलाही ऐकायला द्यायचे. मला नुसता खडखडाट ऐकू यायचा, पण मी कळल्यासारखी मान हलवायचे.

मुंबई विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने तो काढून घेतला. चूक माझीच. मोठ्या बॅगेत टाकायला हवा होता, पण तिच्यात आईचं मेतकूट आणि नवे कपडे होते, ग्रीस लागलं असतं. त्याने तो कात्र्या आणि नेलकटरच्या टोपलीत टाकला आणि मला पुढे जायला सांगितलं. शिकायला म्हणून अमेरिकेत आले होते. कोलंबसला उतरून फोन केला तर आबांचा पहिला प्रश्न, “पोचला का?” मी नव्हे, स्क्रूड्रायव्हर. मी म्हणाले, “पोचला.”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तिकडे राहिलेली माझी भावंडं आणि माझ्यासारखे इकडे येऊन पडलेले, दोघांसाठीही हे लिहितेय. ‘पोचला’सारखे शब्द आपण सगळेच फोनवर बोलतो, म्हणून.

मास्टर्स झाल्यावर मला इथल्याच एका रेसिंग टीममध्ये जॉब लागला. मी डब्लिनला राहते, आयर्लंडमधल्या नव्हे, इथल्याच कोलंबसच्या कडेच्या. इथली मराठी मंडळी बँकेत, इन्शुरन्समध्ये, नाहीतर हॉस्पिटलात. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका काकूंनी विचारलं, “म्हणजे तू नक्की करतेस काय गं?” मी सांगितलं, रेसच्या गाडीचा डेटा बघते आणि चालू रेसमध्ये ड्रायव्हरशी रेडिओवर बोलते. त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे मॅपमधल्या बाईसारखं? टर्न लेफ्ट, टर्न राइट?” मी हो म्हणाले. अगदीच चूक नव्हतं ते.

ज्याच्याशी मी बोलायचे तो तेत्सुओ. जपानमधल्या एका लहान गावचा, वडिलांचं शेतीची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान. दहाव्या वर्षी गो-कार्टमध्ये बसला आणि एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला गेला. तिथे एका मेकॅनिकच्या माळ्यावर राहून तीन सीझन छोट्या गाड्या चालवल्या. मोठ्या रेसच्या गाडीची टेस्ट त्याला आयुष्यात एकदाच मिळाली, त्या दिवशी धो धो पाऊस. जेमतेम अकरा फेऱ्या झाल्या आणि पुढे कुणाचा फोन आला नाही. मग तो अमेरिकेत आला, आधी गोल ट्रॅकवर, नंतर लांब पल्ल्याच्या रेसमध्ये, जिथे एकच गाडी दोघं-तिघं आलटूनपालटून तासन्‌तास चालवतात. वीस वर्षांत चारदा पहिला आला. पण गाडी कधी उगाच ठोकली नाही, म्हणून दरवर्षी कुणीतरी त्याला घ्यायचं. कराराची मुदत मात्र कायम एकच वर्ष. गावात तुझा केवढा मान असेल, असं मी एकदा म्हणाले. त्याने शांतपणे सांगितलं, “गावात मी दुकानवाल्याचा मुलगा, जो परत आला नाही.”

गाडीत बसायच्या आधी तो हेल्मेट काखेत धरून गाडीला वाकून नमस्कार करायचा. क्रूमधले हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या गॅरेजमध्ये खंडेनवमीला पान्या-पकडींनासुद्धा झेंडू वाहतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. हे सांगितल्यावर तो खूश झाला. पुढच्या खंडेनवमीला त्याने आपले ग्लोव्ह्ज माझ्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवले, आणि मी दोन्हीला कुंकू लावलं. दोन दुकानवाल्यांची पोरं आम्ही, जमायला वेळ लागला नाही.

त्याचा डावा कान गेलाय हे मला त्याच्या ‘कॉपी’वरून कळलं. रेडिओवर मी काही सांगितलं की ड्रायव्हर ‘कॉपी’ म्हणतो, म्हणजे ऐकलं, कळलं. तेत्सुओ प्रत्येक वाक्याला कॉपी म्हणायचा, प्रश्न विचारला तरी. टायर कसे आहेत? कॉपी. मग डेटा बघितला, तर उजव्या इअरपीसचा आवाज त्याने पार वर नेलेला. मी काही बोलले नाही. फक्त माझी वाक्यं बदलली. तेच शब्द, तोच क्रम, सगळं दोनदा. अंदाजाने कळेल असं. दीड सीझन मी असंच चालवलं. टीमला कळलं असतं तर त्याचा करार गेला असता, आणि चाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरला दुसरा करार कोण देणार? मला वाटायचं, मी त्याची काळजी घेतेय.

एका शनिवारी सकाळी ट्रॅकवरच्या ट्रेलरमध्ये बसून मी आबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. तेत्सुओ कॉफी घेऊन मागे आला आणि कॅमेऱ्याकडे बघून वाकला. आबांनी हात जोडले, म्हणाले, “बरं हाय, बरं हाय.” मी पाऊस विचारला, बरं हाय. गुडघा विचारला, बरं हाय. कॉल संपल्यावर तेत्सुओ म्हणाला, “तुझे वडील कॉपी म्हणतात.”

मला राग आला. मराठीचा एक शब्द कळत नाही आणि हा मला माझे आबा समजावतोय. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिडिओ कॉल लावला आणि तोंडभर हसत म्हणाले, “आबा, मला चार दिवस ताप आहे. अंथरुणातून उठवत नाही.”

आबासुद्धा हसले. “बरं हाय, बरं हाय,” म्हणाले. “असंच चालू दे.”

मग फोन आईने घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. तिने आधी तापाचं विचारलं, मी खरं काय ते सांगितलं. “दोन वर्षं झाली गं, ऐकू येत न्हाई त्यांना,” ती म्हणाली. “तुला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातलीय. पोरगी कामधंदा सोडून येईल म्हणाले.” दोन वर्षं दर रविवारी मी एका माणसाला माझं सगळं सांगत होते, आणि तो माझ्या तोंडाकडे बघून हसत होता. मी ट्रेलरच्या पायरीवर बसून रडले.

एवढं कळल्यावर तरी शहाणपण यायला हवं होतं. नाही आलं. तीन आठवड्यांनी पुढची रेस होती. रेस चालू असताना टायर बदलायला गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या आमच्या थांब्यावर आली. जॅकवरून खाली आली की ड्रायव्हर निघतो, पण मी ‘जा’ म्हटल्यावर. मागच्या चाकापाशी रॉय नावाचा आमचा मेकॅनिक अजून एअर होज, हवेची नळी, ओढत होता. मी ओरडले, होल्ड, होल्ड. उजव्या बाजूने दुसरी गाडी मोठ्याने गेली. तेत्सुओला गाडी खाली आल्याचा धक्का तेवढा कळला आणि तो निघाला. चाक रॉयच्या पायावरून गेलं. दोन बोटं मोडली. थोडक्यात वाचला, नाहीतर अख्खा पायच गेला असता.

संध्याकाळी टीमच्या चीफने मला विचारलं, काय झालं? मी म्हणाले, रेडिओ ड्रॉप झाला, मधेच तुटला. रेडिओचं काम बघणारी बाई माझ्याकडे बघत राहिली. तिचा रेडिओ ठणठणीत होता. तेत्सुओ माझ्या शेजारीच बसला होता, माझ्या ओठांकडे बघत. त्याने कॉपी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रॉयच्या मोटेलवर गेला आणि दारातच कमरेत वाकून उभा राहिला. रॉयला कळेना काय करावं, तो आपला पुन्हा पुन्हा “इट्स ओके मॅन” म्हणत होता. तिथून तो चीफच्या ऑफिसात आला आणि मला बोलावून घेतलं. त्याचं इंग्रजी मोजकं होतं, त्या दिवशी आणखीच मोजकं. मला तो जपानी रीतीने, मानाने, स्नेहल-सान म्हणायचा. “रेडिओ चांगला होता. कान वाईट आहे. स्नेहल-सानला माहीत होतं. ती दयाळू आहे. पण त्या दयेचे पैसे रॉयच्या पायाने भरले.” मग हेल्मेट टेबलावर ठेवून तो बाहेर पडला. वीस वर्षांचं करिअर होतं, पाच मिनिटं लागली नाहीत. मला इतकी लाज वाटली की मान वर करता येईना. चीफने मला उरलेल्या सीझनसाठी रेडिओवरून काढलं. “तूच खोटा डेटा देणार असशील तर मी कुणाला विचारू?” एवढंच म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

मी तिकीट काढलं आणि कोल्हापूरला गेले. आबांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला दोन दिवस लागले. आधी म्हणाले कान साफ करतो, मग म्हणाले वयच आहे, मग जेवणावर रुसले. शेवटी मी गॅरेजातल्या पाटीवर खडूने लिहिलं, ‘ताप आला सांगितलं तर तुम्ही बरं हाय म्हणालात.’ त्यांनी पाटी दोनदा वाचली. उठले आणि धुतलेला सदरा घालून आले.

डॉक्टरांनी सांगितलं, कानातली छोटी हाडं आखडलीत, मशीन लावलं की काम होईल. बाहेर आल्यावर मी विचारलं, “मग गॅरेज कसं चालवत होता?” आता मशीन लावलेलं होतं. म्हणाले, “नवा स्क्रूड्रायव्हर हाडाला लावला की इंजिन झकास ऐकू येतंय. माणसं न्हाई येत. माणसांना कुठं टेकवायचा?”

तेव्हा मी सांगून टाकलं. तो जुना स्क्रूड्रायव्हर अमेरिकेला पोचलाच नाही, मुंबईतच गेला. इतकी वर्षं खोटं बोलले. आबांनी मशीनशी जरा चाळा केला. “ठाऊक हाय मला,” म्हणाले. “विमानात असलं हत्यार कोण नेऊ देतंय? बसच्या हाफिसातल्या पोरानं लगेच सांगितलेलं. पण तू पोचला म्हणालीस. म्हटलं, बरं हाय.”

तेत्सुओ आता गावी आहे. वडिलांच्या दुकानामागे मुलांना गो-कार्ट शिकवतो. कधीतरी फोटो पाठवतो, एका ओळीत. मागच्या खंडेनवमीच्या फोटोत दुकानातल्या पान्यांवर ठेवलेली पिवळी फुलं होती. मी पुन्हा रेडिओवर आहे. नवीन ड्रायव्हर तरुण आहे, टेक्सासचा, कान शाबूत. पहिल्या दिवशी मी त्याला एकच सांगितलं. ऐकू आलं नाही तर कॉपी म्हणायचं नाही. यार, एवढं सोपं वाक्य, मला शिकायला बारा वर्षं लागली.

घर कुठलं, असं इथे सगळे विचारतात. डब्लिनला माझं गाडी लावायचं गॅरेज आहे, कर्ज आहे, बर्फ काढायचं फावडं आहे. कोल्हापूरला आता वर्षातून दोन आठवडे. उत्तर मला तरी असं पत्त्यात सापडलं नाही. पण मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला, मशीनची बॅटरी उतरली होती बहुतेक. मी ऑफिसमधलं काहीतरी सांगत होते. आबांनी मधेच हात वर केला आणि मला थांबवलं.

“ऐकू आलं न्हाई,” ते म्हणाले. “पुन्हा सांग.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.